फरकबाई

आमच्या बाईंसमोर 'सेम मीनिंग' म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर बाई हातातला खडू टेबलावर ठेवत, हात झटकत आणि खुर्चीवर बसून घेत. त्या बसल्या की वर्गाला कळायचं, आज धडा पुढे सरकत नाही. "सेम असतं तर दुसरा शब्द काऊन बनवला असता कोणी?" त्या विचारत. "तुमच्या घरी धान कापायचा विळा वेगळा आणि भाजी चिरायचा विळा वेगळा. लोहारानं उगाच मेहनत केली का? फरक सांगा." हे 'फरक सांगा' दिवसातून इतक्या वेळा ऐकू यायचं की कुरखेड्याच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांचं नावच फरकबाई पडलं. एकदा तर नव्या शिपायानं वर्गाच्या दारात येऊन "फरकबाई, तुम्हाले ऑफिसात बोलावलं" असं सरळ सांगितलं. त्याला ते त्यांचं आडनावच वाटलं होतं. बाई उठून गेल्या. मागच्या बाकावर हसू फुटलं, पण बाईंच्या पाठीवरूनही कळत होतं की त्याही हसतायत.

बाई मूळच्या वरोऱ्याच्या. वडील रेल्वेत गँगमन होते, रुळावरून चालत जाऊन सांधे तपासायचं त्यांचं काम. बाईंच्या तोंडात नेहमी असायचं, "आमचे बाबा म्हणायचे, दोन रुळांत बोटभर फट जास्त पडली तर गाडी जाते, पण मनात शंका ठेवून जाते." इंग्रजी त्या हट्टानं शिकल्या होत्या आणि नोकरी लागली ती थेट गडचिरोलीच्या धानपट्ट्यात. लग्न केलं नव्हतं. बसस्टँडमागे दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. सकाळी बुद्धवंदना झाल्याशिवाय चहा घ्यायच्या नाहीत. पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, म्हणताना त्या इतरांपेक्षा किंचित थांबतात असं मला वाटायचं. मी ते ऐकलंय, कारण बारावीचं अख्खं वर्ष मी त्यांच्याच घरी राहत होते.

त्याआधी अकरावीतली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गाइडमध्ये एका ओळीत पाच इंग्रजी शब्द दिले होते : चीट, ट्रिक, मिसलीड, डिसीव्ह, बिट्रे. पुढे एकच अर्थ : फसवणे. बाईंनी माझ्या हातातलं गाइड घेतलं, ती ओळ पेनानं खोडली आणि पुस्तक परत दिलं. मग खडू ठेवून बसल्या. मला अजून त्या बसलेल्या दिसतात, खुर्चीच्या टोकावर, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"मोहफुलं विकायला नेली आणि व्यापाऱ्यानं काटा दाबला, तर चीट. स्वतःच्या फायद्यासाठी नियम मोडला. पाखराले दाणे टाकून फासात घेतलं, तर ट्रिक. ज्याच्या भरवशावर झोपलो त्यानंच घात केला, तर बिट्रे. परका माणूस बिट्रे करू शकत नाही, त्याले तो मानच नाही." इथपर्यंत आम्हाला समजलं. मग त्यांनी मला उभं केलं. "ललिता, तुह्या गावचा रस्ता मी विचारला. तू म्हटलं, सरळ जा, नदी ओलांडली की गाव. आता नदीवरचा पूल वाहून गेला आहे, ते तू नाही सांगितलं. तू खोटं बोलली का?"

मी म्हटलं, "नाई बाई."

"मंग मी नदीवर जाऊन काऊन उभी आहो?"

वर्ग हसला. बाई नाही हसल्या. "तुले पुलाचं माहीत नसेल, तर मिसलीड. चुकून पण होते ते. माहीत असून नाही सांगितलं, तर डिसीव्ह. तोंडातून एक शब्द खोटा निघाला नाही, तरी डिसीव्ह. शब्द बाहेर काय निघाला ते नको पाहू. समोरच्याच्या मनात काय बसवलं ते पाहा, आणि जाणून बसवलं का, ते पाहा."

त्यांचा हा काटेकोरपणा फक्त पुस्तकात नव्हता. पावसाळ्यात मी चार दिवस धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, गेले आणि परत आल्यावर रजेचा अर्ज लिहिला, तो सगळे लिहितात तसाच : ताप आल्यामुळे. बाईंनी माझे हात पाहिले. बोटांच्या टोकांची सालं निघाली होती. "ताप हाताले आला का?" त्यांनी विचारलं. मी खाली पाहिलं. त्यांनी मला रोवण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगितलं, स्पेलिंग लिहून दिलं आणि अर्ज पुन्हा लिहायला लावला. प्राचार्यांनी तो अर्ज वाचला, मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. त्यानंतर आमच्या वर्गातल्या कित्येक पोरींचा ताप गेला आणि रोवणा आला.

आमचं गाव कुरखेड्याहून आत, जंगलाच्या पोटात. वीज असून नसल्यासारखी. बाबा घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. धान घरात आलं की आई दोन-तीन महिने बाबांकडे जायची, त्यांच्या खोलीवर स्वयंपाक करायला. बारावीच्या वर्षी बाईंनीच आईला बोलावून सांगितलं, "ललिता माझ्याकडे राहीन. तुम्ही बिनघोर जा." आई बाईंच्या पायाला हात लावायला वाकली तर बाई मागे सरकल्या. म्हणाल्या, "पाया नका पडू, तांदूळ पाठवा." आईनं खरंच पाठवला, आणि एका माणसाच्या खाण्याला पुरेल त्याच्या तिप्पट पाठवला.

त्या घरातले ते दिवस मला आयुष्यातले सगळ्यात उजेडाचे वाटतात. बाई स्वयंपाक वाईट करायच्या. भात कधी कच्चा, कधी लगदा. "भाताले अन् तांदळाले इंग्रजीत एकच शब्द आहे, म्हणून मले जमत नाही," असं त्या म्हणायच्या, आणि मग मीच चूल ताब्यात घेतली. रात्री मी वाचत बसले की त्या शेजारी वह्या तपासायच्या. माझ्या गोंडीतल्या शब्दांची त्यांनी एक वही केली होती. मी घरी बोलताना जो शब्द वापरते तो सांगायचा, मग त्या विचारायच्या, "आणि रागात म्हटलं तर? आणि लाडात?" इंग्रजीच्या बाई माझ्या भाषेसाठी पेन्सिल टोक करून बसतात, याचं मला तेव्हा किती अप्रूप वाटायचं ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

बारावीचा पहिला पेपर इंग्रजीचा होता. त्या सकाळी मी अंघोळ करून आले तेव्हा बाई अंगणात फोन कानाला लावून उभ्या होत्या. माझ्याकडे पाठ होती. फोन संपल्यावरही थोडा वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. आत आल्यावर मी विचारलं, "बाई, घरचा होता का फोन?"

"तुझ्या आईचा होता," बाई म्हणाल्या. "आई बरी आहे. तुझ्या पेपरची आठवण काढली. जेव, उशीर होईल."

त्यांनी स्वतः मला पोळी वाढली. सेंटरच्या फाटकापर्यंत सोडायला आल्या, जे त्या एरवी कुणासाठी करत नसत. पेपर मला सोपा गेला. दोन वाजता बाहेर आले तेव्हा बाई फाटकाशीच होत्या, माझी कपड्यांची पिशवी हातात घेऊन. त्यांनी मला बाजूला झाडाखाली नेलं आणि सांगितलं. पहाटे पाळीवर जाताना बाबांच्या मोटरसायकलला ट्रकची धडक बसली. चंद्रपूरच्या दवाखान्यात आहेत. आई तिथेच आहे. आपल्याला आत्ताच्या बसनं निघायचं.

कुरखेड्याहून चंद्रपूर म्हणजे वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल असं करत निम्मा दिवस जातो. नागभीडच्या स्टँडवर बस थांबली होती तेव्हा बाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकला, आणि फोन मांडीवर ठेवून माझा हात धरला. बाबा गेले होते.

मला पहिल्यांदा काय सुचलं असेल, तर हिशेब. मी विचारलं, "तुम्हाले कधी माहीत झालं होतं?"

"सकाळी सात वाजता."

"साडेसातची बस होती."

"होती."

"बाबा बोलत होते सकाळी?"

बाई खिडकीकडे न पाहता माझ्याकडेच पाहत म्हणाल्या, "बोलत होते."

म्हणजे साडेसातच्या बसनं मी गेले असते, तर मला बाबा बोलताना भेटले असते. मी त्यांच्या हातातून माझा हात काढून घेतला. पुढचा सगळा प्रवास बाई माझ्या शेजारी बसून होत्या आणि मी एकटी होते.

दहाव्या दिवशी बाई आमच्या गावी आल्या. अंगणात नातेवाईक बसलेले, आई चुलीपाशी. मी त्यांना पाणीही दिलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्ही माह्याशी खोटं बोलल्या."

आमच्या गावचे दसरूकाका, बाबांचे चुलतभाऊ, मला दटावायला लागले. "काय बोलतं वं पोरी. बाई खोटं कुठी बोलल्या? आई बरी आहे म्हणल्या, आई बरीच होती. तुह्या भल्यासाठीच केलं त्यायनं."

"नाही, दसरूभाऊ," बाई म्हणाल्या. "तुम्ही मला सोडवू नका." त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. वर्गात बसायच्या तशाच, हात गुडघ्यांवर. "ललिता, मी एकही शब्द खोटा बोलले नाही, हे मी त्या दिवशी फाटकाशी उभी राहून तीन तास स्वतःले सांगत होते. त्यानं काही होत नाही. मिसलीड झालं असंही म्हणू नको, ते चुकून होते. माझं चुकून नव्हतं. मी तुला डिसीव्ह केलं. तुले त्याचा राग येईन तितके दिवस येऊ दे."

मी खाली पाहत राहिले. आई चुलीतलं लाकूड मागे-पुढे करत राहिली, तिनंही मान वर केली नाही. बाई पाण्याशिवाय परत गेल्या.

उरलेले पेपर मी पुढच्या खेपेला दिले. इंग्रजीत मी कॉलेजात पहिली आले होते. ते मार्क मी कित्येक वर्षं कुणाला सांगितले नाहीत. पुढच्या शिक्षणाला गडचिरोलीला गेले आणि कुरखेड्यात बस थांबली तरी खाली उतरायची नाही, असं ठरवून टाकलं. बाईंची दोन पत्रं आली. दोन्हींत पुस्तकांची नावं होती, कुठला निबंध वाच आणि कुठला सोड, एवढंच. माफीचं काही नव्हतं. मी उत्तर दिलं नाही.

दोन वर्षांनी गावानंच मला त्यांच्या दारात नेऊन उभं केलं. झालं असं होतं की आमच्या गावामागचा बांबूचा डोंगर एका ठेकेदाराला हवा होता. त्याची माणसं गावात आली, रस्त्याची माहिती सांगतो म्हणून सभा घेतली आणि आलेल्या लोकांच्या सह्या घेऊन गेली. काही महिन्यांनी कळलं की गावानं डोंगर द्यायला संमती दिल्याचा कागद तयार आहे आणि त्यावर आमच्याच सह्या आहेत. वर दिल्लीपर्यंत पाठवायचा म्हणून दसरूकाकांनी तहसीलबाहेरच्या टायपिस्टकडून इंग्रजीत अर्ज करून घेतला होता. पण त्यात काय लिहिलंय ते गावात कुणाला वाचता येईना. मी वाचून दाखवला, तरी दसरूकाकांचं समाधान होईना. "तू शिकून राह्यली, ते ठीक आहे. पण बाईले दाखवू एकदा," ते म्हणाले. आईही निघाली. सभेला तीही होती, तिचीही सही त्या कागदावर होती.

बाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांना म्हणाल्या तसंच मलाही म्हणाल्या, "या, बसा." अर्ज वाचला. एका शब्दावर पेन्सिल टेकवली. "इथं लिहिलं आहे की सह्या बनावट आहेत. फोर्ज केल्या. दसरूभाऊ, सही तुमची आहे का?"

"माहीच आहे."

"मग बनावट कशी?"

"बाई, त्यायनं फसवलं आमाले. चोट्टे आहेत ते."

"चोट्टे आहेत. पण कसे चोट्टे आहेत, ते लिहावं लागेल. साहेब पहिला प्रश्न विचारेल, सही तुमची का? तुम्ही खरे लोक आहात, हो म्हणाल. झालं, अर्ज तिथंच फाटला."

दसरूकाका चिडले. गावातून पायी निघून, दोन गाड्या बदलून आलेला माणूस, आणि ही बाई शब्द मोजते. "तुम्ही कोणाकडून बोलून राह्यल्या?" असं ते म्हणून गेले. बाईंनी ते ऐकून घेतलं. "तुमच्याकडूनच," त्या म्हणाल्या. "म्हणून तर जड शब्द नको म्हणतो. पेलला नाही तर तुमच्याच पायावर पडेल. सह्या घेताना ते काय बोलले, तेवढं सांगा."

"सभेले आले म्हणून सही करा, म्हणे."

इतका वेळ गप्प असलेली मी बोलले. "मग मिसलीड लिहू. तेवढंच सिद्ध होईल."

"तसं लिहिलं तर ते म्हणतील, गावाचा गैरसमज झाला, आमचा हेतू नव्हता," बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या. दोन वर्षांत आम्ही एकमेकींशी बोललेलं ते पहिलं वाक्य. "हेतू होता हे कशावरून म्हणायचं? कोणाले काही आठवते का, कागद कसा होता, कोणाच्या हातात होता?"

कुणालाच आठवेना. मग आई म्हणाली, "पुठ्ठ्यावर होता कागद. वरचा भाग मागं दुमडून चिमट्यात दाबला होता. मले वाटलं, कागद मोठा असंन, पुठ्ठा लहान."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "ताई, हे तुम्ही साहेबासमोर सांगाल?"

"सांगीन ना. जे पाह्यलं ते सांगाले काय."

दुपारभर बसून बाईंनी तो अर्ज नव्यानं लिहिला. सही आमची आहे, हे पहिल्याच ओळीत. मग कागद कसा होता, काय सांगितलं, काय झाकलं. आणि शेवटी एकदाच, डिसीव्ह. त्या बोलत होत्या आणि मी उतरवून घेत होते. तो शब्द आला तेव्हा माझा हात थांबला. समोरच्यांनी जाणूनबुजून केलं, म्हणून इतक्या विचारानं निवडलेला शब्द हा होता. तोच बाईंनी आमच्या अंगणात, सगळे त्यांना सोडवायला तयार असताना, स्वतःसाठी घेतला होता. हलका शब्द घ्यायला त्यांना कुणी अडवलं नसतं. मी लिहून पूर्ण केलं. निघताना चपला घालत म्हटलं, "बाई, रविवारी येतो मी."

"ये," त्या म्हणाल्या. "भात तूच कर मात्र."

चौकशीला अधिकारी गावात आला तेव्हा त्यानं आईला पहिला प्रश्न तोच विचारला. सही तुमची का? आई म्हणाली, माझीच. ठेकेदाराचा माणूस पाठीमागच्या माणसाकडे बघून हसला. मग आईनं पुठ्ठ्याचं सांगितलं. अधिकाऱ्यानं मूळ कागद मागून घेतला आणि उजेडात धरला. मजकूर आणि सह्या यांच्या मधोमध घडीची रेघ होती, आडवी, अगदी स्पष्ट. संमती रद्द झाली. नव्यानं ग्रामसभा झाली, त्यात गावानं हात वर करून नाही म्हटलं. डोंगर अजून गावाचाच आहे. दसरूकाका पुढे बाईंकडे दर हंगामात मध घेऊन जायचे, आणि बाई त्यांना विचारायच्या, "यावर्षीचा की मागच्या वर्षीचा?"

पुढे मला जिल्ह्याच्या कोर्टात भाषांतराचं काम मिळालं. जबान्या, अर्ज, निकाल, मराठीतून इंग्रजीत आणि उलट. 'फसवलं' हा शब्द आमच्याकडे रोज येतो. लग्नाचं वचन देऊन, जमिनीच्या नकाशात, भावाभावांत. बाई निवृत्त होऊन वरोऱ्याला भावाच्या घरी गेल्या होत्या. मी संध्याकाळी फोन करायची, नावं न सांगता नुसता प्रसंग सांगायची. मग त्यांचा प्रश्न यायचा, "तो तिला नेमकं काय म्हणाला होता?" मला बहुतेक वेळा ते माहीत नसायचं. दुसऱ्या दिवशी मी कागद पुन्हा वाचायची. माझे सहकारी म्हणतात मला वेळ लागतो. लागतो.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. झोपेतच गेल्या. वरोऱ्याला त्यांच्या भाच्यानं शोकसभा ठेवली, तिथे मी आणि आई गेलो. आई आता थकली आहे, पण येतेच म्हणाली. सभेत त्यांचे जुने सहकारी, विद्यार्थी बोलले. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "बाईंनी आयुष्यात कधी कोणाला फसवलं नाही." लोकांनी माना हलवल्या. मग भाच्यानं मला बोलायला सांगितलं.

मी उभी राहिले आणि मला ते वाक्य तसंच पुढे नेता आलं नाही. म्हटलं, "बाईंनी मला एकदा फसवलं होतं." भाच्याचा चेहरा उतरला. मी ती सकाळ सांगितली, फोन सांगितला, 'आई बरी आहे' हे बाईंचं वाक्य सांगितलं. दहाव्या दिवशी त्या जमिनीवर बसून काय म्हणाल्या तेही सांगितलं. "चुकणारी माणसं मी रोज कोर्टात पाहते," मी म्हटलं. "आपल्या चुकीला बरोबर शब्द लावणारं माणूस मला एकच भेटलं." एवढं बोलून बसले. भाचा जवळ आला आणि माझ्या हातावर हात ठेवून थोडा वेळ बसला.

परतीच्या बसला अवकाश होता. वरोऱ्याच्या स्टँडवर बाकड्यावर आम्ही दोघी बसलो होतो. कापसाच्या गाड्या रस्त्यानं चालल्या होत्या. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तू आज जे सांगितलं, ते अर्धं आहे."

"म्हणजे?"

"तुह्या बाबाले शुद्ध होती सकाळी. त्यायनंच म्हटलं, पोरीचा पेपर होऊ दे, मंग सांग. मी बाईले फोन केला. बाई नाई म्हणे. नाई जमत मले, म्हणे, सांगतो मी तिले आताच. मी लय रडली. तुह्या बाबाची इच्छा आहे म्हटलं, हात जोडतो म्हटलं. तवा कुठी हो म्हणाल्या."

स्टँडवर कुणीतरी नागपूरच्या गाडीची घोषणा करत होतं. मी म्हटलं, "मंग तू इतके वर्ष काऊन नाई सांगितलं? अंगणात मी त्याईले तसं बोलली, तू तिथंच होती."

"सांगाले उठली होती मी," आई म्हणाली. "त्यायच्या मागं शेताच्या धुऱ्यापर्यंत गेली. मी सांगतो ललिताले, म्हटलं. तर बाई म्हणे, नका सांगू. तिले आता कोणाचा तरी राग येणारच. तुमचा आला तर ती कोणाजवळ जाईन? माह्यावर येऊ द्या. मी दूर राहीन, चालते. तुम्ही जवळ पाहिजे." आईनं पदर सारखा केला. "मंग तुमचं पुन्हा बोलणं सुरू झालं. तवा वाटलं सांगावं. मंग वाटलं, आता काय."

मला सगळ्यात आधी बाईंना फोन करावासा वाटला. आणि मग कळलं की तो आता करता येणार नाही. तेव्हा मी रडले. शोकसभेत नव्हते रडले.

बस आली. आईला खिडकीकडे बसवलं. चंद्रपूर मागे पडलं. मग बाहेर बघतच तिनं विचारलं, "रागावली का माह्यावर?"

"नाई," मी म्हटलं.

म्हटलं तेव्हा ते पूर्ण खरं नव्हतं. मूलच्या स्टँडपर्यंत पोचता पोचता झालं.